डिकीवरची अक्षरं : फोर्ड कॉर्टिना आणि तिची ब्रोशरं

पिवळी_पानं

"घरातली रद्दी कमी करा" असा वटहुकूम निघून आठ दिवस होत नाहीत तोच मी परवाच्या रविवारी आणखी तीन किलो रद्दी घरी आणली. इथे कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, ऑटोजंबल म्हणतात त्याला. चिखलात ताडपत्र्या अंथरून लोक गंजके कार्ब्युरेटर आणि हबकॅप मांडून बसतात. एका आजोबांकडे केळ्यांच्या खोक्यात नुसती ब्रोशरं होती, त्यातली अकरा फोर्ड कॉर्टिनाची. घासाघीस न करता उचलली. (माहितीपत्रक हा शब्द बरोबर आहे, पण ब्रोशर म्हटल्याशिवाय त्या गुळगुळीत कागदाचा वास येत नाही.)

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं पुराण.

सुरुवात भाऊबंदकीतून झाली. १९६० च्या आसपास फोर्डची जर्मन शाखा अमेरिकेच्या आशीर्वादाने एक नवी गाडी करत होती, पुढच्या चाकांवर चालणारी. तिचं सांकेतिक नाव कार्डिनल. ब्रिटनच्या फोर्डचे प्रमुख पॅट्रिक हेनेसी यांना हे चांगलंच झोंबलं. त्यांनी आपल्या माणसांना स्वतंत्र गाडी करायला बसवलं आणि तिचं सांकेतिक नाव ठेवलं आर्चबिशप! अमेरिकेत कार्डिनल हा लाल पक्षी. ब्रिटिशांनी त्याचा चर्चमधला अर्थ घेऊन जोडीला आपला धर्मगुरू उभा केला.

गाडीचं नियोजन टेरेन्स बेकेट यांच्याकडे होतं. हा माणूस पेनी-पेनीचा हिशेब ठेवणारा. त्याआधी फोर्डवाल्यांनी प्रतिस्पर्ध्याची मिनी विकत आणून तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला होता आणि हिशेब काढला होता की बीएमसी कंपनी दर मिनीमागे ३० पौंड तोटा खाते. आपल्याला हे करायचं नाही, हा धडा. म्हणून कॉर्टिनात चमत्कार असा एकही नाही. साधं १२०० सीसीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मोठी डिकी, वजन जेमतेम ८०० किलो. बाह्यरूप रॉय ब्राउन यांचं. अमेरिकेत फोर्डची एडसेल ही गाडी १९५७ साली आली आणि सपशेल आपटली, तिचे रचनाकार हेच. तिथून त्यांची उचलबांगडी लंडनजवळ डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात झाली, आणि त्या 'शिक्षेच्या' नेमणुकीवर त्यांनी ही गाडी रेखाटली. मागचे गोल दिवे तीन फाकांचे. तेव्हा अणुबाँबविरोधी चळवळ जोरात होती, तिच्या चिन्हासारखे ते दिसतात म्हणून लोकांनी त्यांना तेच नाव पाडलं.

सप्टेंबर १९६२ मध्ये गाडी बाजारात आली. नाव इटलीतल्या कोर्तिना दाम्पेत्सो या गावावरून, जिथे १९५६ सालचं हिवाळी ऑलिंपिक झालं. दोन वर्षांनी जाहिरातीसाठी फोर्डने तिथल्या बर्फाच्या घसरगाडीच्या मार्गावरून खऱ्याखुऱ्या कॉर्टिना खाली सोडल्या, आणि चालवणाऱ्यांत मोटार शर्यतींतला जगज्जेता जिम क्लार्क होता. डॅगनमच्या चिखलात जन्मलेल्या मध्यमवर्गीय गाडीला आल्प्सचं नाव, यातच सगळं आलं.

आता ब्रोशरांकडे. सुरुवातीच्या काळात फोटो कमी, चित्रं जास्त. चित्रकार गाडी हळूच लांब करायचे, माणसं थोडी बारकी काढायचे. आत चार ऐसपैस प्रौढ बसलेत आणि तरी मध्ये जागा उरलीय असं वाटावं. किंमत ब्रोशरमध्ये नसायची, तिचा वेगळा सुटा कागद. त्याचं कारण १९६२ च्याच शरद ऋतूत दिसतं. गाडी आली तेव्हा मोटारींवरचा खरेदीकर ४५ टक्के होता, आणि नोव्हेंबरात अर्थमंत्री मॉडलिंग यांनी तो एकदम २५ वर आणला. दीडेक महिन्यात दरपत्रकं बाद, ब्रोशरं मात्र शाबूत.

माझ्याकडच्या एका दरपत्रकावर कुणीतरी पेन्सिलीने हिशेब केलाय. जादा पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंची यादी आहे. रेडिओवर काट मारलीय. पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांवर आधी खूण, मग काट. आणि हीटरवर दोन खुणा, दुसरी वेगळ्या हाताची आणि इतकी दाबून की कागद मागून उठलाय. होय, हीटर! सुरुवातीच्या साध्या कॉर्टिनाला तो जादा पैसे मोजूनच मिळायचा. इंग्लंडात! बेकेटसाहेबांचे पेनी असे वाचत होते.

१९६४ च्या अखेरीस मात्र फोर्डने एक खरोखर चांगली गोष्ट केली. एरोफ्लो नावाची हवा खेळवण्याची सोय. काचा बंद ठेवून डॅशबोर्डच्या दोन गोल झरोक्यांतून ताजी हवा तोंडावर, आणि आतली कोंदट हवा मागच्या खांबांमधल्या जाळीतून बाहेर. आज आपण जे झरोके बोटाने फिरवतो त्यांची लोकांना सवय या गाडीने लावली.

मग १९६६ ला दुसरी आवृत्ती, १९७० ला तिसरी (कमरेत बाक असलेली, कोकच्या बाटलीसारखी), १९७६ ला चौथी, १९७९ ला पाचवी. जुलै १९८२ मध्ये शेवटची डॅगनमहून बाहेर पडली. १९७२ ते १९८१ या दहा वर्षांत १९७६ सोडलं तर दरवर्षी ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेली गाडी हीच.

पण माझा जीव जडलाय तो डिकीवरच्या अक्षरांवर. तिसऱ्या आवृत्तीचं ब्रोशर उघडा. नुसती कॉर्टिना, मग एल, एक्सएल, जीटी, जीएक्सएल. पत्रा तोच, दारं तीच. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना वाढतं काय? कार्पेट, घड्याळ, लाकडासारखा दिसणारा पट्टा, टपावर व्हिनाइल. ब्रोशर गाडी विकत नव्हतंच, जिना विकत होतं. आणि शेजाऱ्याला तुम्ही कितव्या पायरीवर आहात हे डिकीवर वाचता यायचं.

फोटो सवडीने चढवतो.

---

टांगा_पलटी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. पण एक सांगा, इंग्रजांची चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेली गाडी, तीही भारतात कधी न विकलेली. इथल्या कुणाला तिचं काय पडलंय? (ह. घ्या.)

---

पिवळी_पानं

@टांगा_पलटी, हलकंच घेतलं. पण एक विचारतो, घरात कधी सँट्रो होती का?

---

टांगा_पलटी

होती की. २००१ ची, चंदेरी. तिचा इथे काय संबंध?

---

पिवळी_पानं

मग कॉर्टिना तुमच्या सँट्रोची पणजी. ह्युंदाई मोटर स्थापन झाली १९६७ च्या अखेरीस. पुढच्याच वर्षी त्यांनी कोरियातल्या उल्सानला पहिली गाडी जोडायला घेतली ती फोर्डकडून सुटे भाग आणून, दुसऱ्या आवृत्तीची कॉर्टिना. तिच्यावर हात बसला. नंतर १९७४ मध्ये त्यांनी ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीतले जॉर्ज टर्नबुल यांना बोलावून घेतलं आणि १९७५ च्या अखेरीस पोनी ही स्वतःची गाडी काढली. इंजिन मित्सुबिशीचं, रूप इटलीचे रचनाकार जुजारो यांचं, बांधणीची शिस्त बरीचशी ब्रिटिश. त्यानंतर तेवीस वर्षांनी चेन्नईहून सँट्रो.

---

टांगा_पलटी

दंडवत. 'इथल्या कुणाला काय पडलंय' हे शब्द मागे घेतो. सँट्रोला फोटो काढून हार घालायला हवा होता.

---

बोनेटखाली

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ज्या काळात त्यांच्याकडे पाच कॉर्टिना होऊन गेल्या, त्या काळात आपल्याकडे अँबेसिडरची जाळी बदलली की नवं मॉडेल! मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचे साचे उत्तरपाड्याला आले आणि २०१४ पर्यंत तीच गाडी चालू. ब्रिटनमध्ये ती ऑक्सफर्ड १९५९ लाच मोडीत निघाली होती. आपल्या कुर्ल्याच्या फियाटचीही तीच गत.

बाकी धागाकर्त्याने एक राहू दिलंय. लोटस कॉर्टिना! पांढरी, बाजूला हिरवा पट्टा, आत लोटस या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं दोन कॅमशाफ्टचं इंजिन. जिम क्लार्कने १९६४ चं ब्रिटिश सलून (म्हणजे बंदिस्त घरगुती गाड्यांच्या) शर्यतींचं अजिंक्यपद तिच्यावर मिळवलं. वळणावर पुढचं आतलं चाक हवेत उचललेलं असे तिचे फोटो आहेत. घरच्या वाणसामानाच्या गाडीने असं करावं यातच गंमत.

---

पिवळी_पानं

बरोबर, लोटसवर वेगळा धागा काढावा लागेल. तिचं ब्रोशर माझ्याकडे नाही आणि किंमत ऐकून घेण्याचं धाडसही नाही.

१९६७ ची १६००ई मात्र आहे. ई म्हणजे एक्झिक्युटिव्ह. खऱ्या अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, बसकी चाल, रोस्टाइलची नक्षीदार पोलादी चाकं. जग्वार घेण्याची ऐपत नाही पण साहेब दिसायचंय, त्यांच्यासाठी. फोर्डचा गल्ला तिथेच होता. त्याच वर्षी कॉर्टिनाने बीएमसीच्या ११००/१३०० ला मागे टाकून पहिला नंबर घेतला.

---

ईस्टएंडची_सून

मी डॅगनमपासून दहा मिनिटांवर राहते, म्हणून लिहिते. धाग्यात कार्पेट आलं, लाकूड आलं, घड्याळ आलं. सीट कव्हरं कुणी शिवली ते राहिलं.

जून १९६८ मध्ये डॅगनमच्या कारखान्यातल्या १८७ शिलाई कामगार बायकांनी काम बंद केलं. फोर्डने कामांची नवी प्रतवारी लावली आणि यांना 'ब' वर्गात, म्हणजे कमी कुशल धरलं. शिवाय त्या वर्गातल्या पुरुषांना मिळायचा त्याच्या ८५ टक्केच पगार. गंमत अशी की नोकरी मिळण्याआधी मशीनवर शिवून दाखवायची परीक्षा द्यावी लागे, आणि ती पास झाल्यावर कंपनी म्हणे यात कौशल्य नाही.

सीटशिवाय गाडी विकता येत नाही. बायका तीन आठवडे बाहेर राहिल्या आणि डॅगनमची सगळी निर्मिती ठप्प झाली. शेवटी मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांच्यातल्या काहींना आपल्या कार्यालयात चहाला बोलावून तडजोड केली. पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के लगेच, उरलेले पुढच्या वर्षी. समान वेतनाचा १९७० चा कायदा या संपातून पुढे आला. 'कुशल' हा शिक्का मिळवायला मात्र १९८४ उजाडलं आणि आणखी एक संप करावा लागला. तोवर कॉर्टिना बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी होत्या, तिथे कामाला असलेल्या. (त्या संपात होत्या का, मी कधी विचारलं नाही.) एकदा माझ्या गाडीत बसल्या, बसल्या बसल्या सीटच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दोरा हलका वापरलाय."

---

पिवळी_पानं

ताई, हे वाचून उठलो आणि १९६८ चं ब्रोशर काढून पाहिलं. सीटचं वर्णन आहे, रंग आहेत, कापडाचा जवळून फोटो आहे. त्या पानाकडे मी शंभरदा पाहिलं असेल, शिवण कधी पाहिली नव्हती. दुहेरी आहे, सरळ रेषेत, कुठे दोरा सुटलेला नाही.

---

हिशेबनीस

कंपनीच्या गाडीचा मुद्दा आला नाही अजून. मी लेखापाल, म्हणून माझ्या बाजूने. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये सरकारने पगारवाढीवर वेळोवेळी मर्यादा घातल्या, प्राप्तिकराचे वरचे दर प्रचंड. मग माणसाला खूश कसं करायचं? गाडी द्या. नव्या गाड्यांचा मोठा हिस्सा असा कंपन्यांच्या खात्यावर खपायचा. डिकीवरच्या अक्षरांचं रहस्य इथे आहे. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याला एल, त्याच्या साहेबाला जीएक्सएल. ज्याच्या त्याच्या हुद्द्याला फोर्डकडे बिल्ला तयार! लेलँडच्या गाड्यांत तंत्र जास्त असेल, पण असा स्वच्छ जिना त्यांना जमला नाही.

फोर्डने १९७० मध्ये इटलीतली गिया ही गाड्यांच्या बॉड्या बांधणारी पेढी घेतली. चौथ्या आवृत्तीत सर्वांत वरच्या कॉर्टिनाच्या अंगावर ते नाव डकवलं. एका नामवंत कारागिराच्या नावाचं झालं काय, तर मखमली सीटची पाटी.

---

बोनेटखाली

+१. आणि ऑगस्ट! १९६७ पासून नंबरप्लेटचं वर्षाचं अक्षर ऑगस्टमध्ये बदलायचं. एक ऑगस्टला नवी गाडी दारात उभी राहिली की सगळ्या आळीला कळायचं. आपल्याकडे पाडव्याला गाडी घेतात तशी त्यांची ती तिथी.

---

गंजलेला_पत्रा

सगळे आरत्या ओवाळताहेत म्हणून जरा विरुद्ध बाजू. यांना 'डॅगनम डस्टबिन' म्हणायचे ते उगाच नाही. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा सांधा जिथे बसतो तो पत्रा आतून कुजायचा. वरून रंग ठणठणीत आणि खाली पापड. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांचं तेच होतं हे मान्य. तिसरी आवृत्ती आली आणि १९७१ च्या सुरुवातीला कारखान्यात नऊ आठवड्यांचा संप. ब्रोशरं वाटून झालेली, गाड्या नाहीत. असली ब्रोशरं काय कामाची?

---

पिवळी_पानं

@गंजलेला_पत्रा, तुमचं नाव पाहून वाद घालत नाही. :) मात्र ब्रोशर कुजलं नाही एवढं खरं. डेटोना यलो, सेब्रिंग रेड, पर्पल व्हेल्व्हेट. रंगांच्या चौकोनी चकत्या आजही झळझळीत आहेत, आणि त्या रंगाची गाडी रस्त्यावर दिसली की लोक थांबून फोटो काढतात.

---

कृष्णाकाठ

कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझे वडील डॉक्टर. १९७२ ते ७६ बोल्टनला होते, तिथल्या सरकारी रुग्णालयात. नंतर मिरजेला परत आले. तिकडे त्यांच्याकडे कॉर्टिना होती, जुनी घेतलेली. त्यांनी माझ्या आजोबांना तिचं ब्रोशर पोस्टाने पाठवलं होतं. आजोबांनी त्यातलं एक पान फ्रेम करून माडीवर लावलं, दत्ताच्या तसबिरीशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला "ही आमच्या बाळची गाडी" म्हणून दाखवायचे. सोनेरी रंगाची गाडी, टप काळा, मागे कुठलंतरी तळं. फ्रेम अजून आहे. आम्ही लहानपणी त्या चित्रासमोर बसून गाडी गाडी खेळायचो, स्टिअरिंग म्हणून आजीचं पोळपाट.

हे पान कुठल्या सालचं, कसं ओळखायचं? आणि आमची गाडी नेमकी कुठली होती हेही कळलं तर बरं. वडील आता नाहीत. अल्बममध्ये गाडीला टेकून उभे असलेल्या त्यांचा एक फोटो आहे, कृष्णधवल.

---

पिवळी_पानं

वा! माडीवरची कॉर्टिना. वर्णनावरून तिसरी आवृत्ती. साल बरोबर हवं तर ब्रोशरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छपाईचा कोड असतो, पण तुमच्याकडे एकच पान आहे. काळा टप म्हणजे व्हिनाइल, म्हणजे बहुधा जीएक्सएल.

गाडीचं सांगतो. फोटो समोरून आहे का? असेल तर पुढचे दिवे मोजा. जीटी आणि जीएक्सएलला चार गोल दिवे, दोन-दोनच्या जोड्या. खालच्या मॉडेलांना दोनच.

---

टांगा_पलटी

मोजा मोजा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कृष्णाकाठ

आज सकाळी अल्बम काढला.

फ्रेममधल्या गाडीला चार दिवे आहेत. फोटोत एका बाजूच्या दिव्यासमोर वडिलांचा पाय आलाय. दुसरी बाजू मोकळी दिसते. तिथे एकच दिवा आहे. टपही अंगाच्याच रंगाचा. पन्नास वर्षं आम्ही दोन वेगळ्या गाड्या एकच समजत होतो.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मग? सोनेरी ती दुकानातली. आपली ती एल. पोपटी होती, डाव्या दाराला पोचा होता." मी म्हटलं, आजोबांना सांगितलं नाहीत? तर म्हणाली की ब्रोशर पाठवलं तेव्हा गाडी घेतलीच नव्हती. पहिल्या थंडीत रात्रपाळीला बसने जाताना वडिलांनी शोरूममधून ते उचललं होतं. पत्रात लिहिलं होतं, 'अशी घेण्याचा विचार आहे'. आजोबांनी पुढचे दोन शब्द वाचले नसावेत. नंतर गाडी आली तेव्हा माडीवर फ्रेम लागून गेली होती आणि गावभर झालं होतं.

हीटर होता का विचारलं. तर म्हणे, "होता, पण सुरू केला की खोबरेल तेल जळल्यासारखा वास यायचा."

---

ईस्टएंडची_सून

काकूंना नमस्कार सांगा. पोपटी एल आवडली.

---

टांगा_पलटी

शब्द नाहीत. पॉपकॉर्न खाली ठेवला.

---

पिवळी_पानं

@कृष्णाकाठ, फोटो आणि फ्रेम दोन्ही इथे चढवता येतील का? एक विनंती, पान फ्रेममधून काढायला जाऊ नका. इतक्या वर्षांत गुळगुळीत कागद काचेला चिकटलेला असतो, ओढलं की शाई काचेवर राहते. काचेसकटच तिरप्या उजेडात फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून.

माझ्या अकरांपैकी एक तिसऱ्या आवृत्तीचं आहे, आणि त्यात एलच्या पानावर एक पोपटी आहे. स्कॅन करून ठेवलंय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चांगल्या कागदावर छापून मिरजेला पाठवतो. आकार सांगा, शेजारच्या फ्रेमएवढाच करू.

---

कृष्णाकाठ

व्यनि केला आहे. आकार मोजून सांगतो, माडीची किल्ली आईकडे आहे.